प्रिंटरचा पत्ता

सराव परीक्षेत वहिनींना शंभरपैकी चौऱ्याण्णव मिळाले आणि माझी काळजी उलट वाढली. प्रश्न अर्धा वाचून होत नाही तोच त्यांचं उत्तर ठोकून तयार! तोच प्रश्नसंच सातव्यांदा सोडवल्यावर चौऱ्याण्णव आमची मांजरसुद्धा मिळवेल. ही शुद्ध घोकंपट्टी होती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही दोघं एकाच दवाखान्यात. मी नेटवर्क सांभाळतो, त्या अकरा वर्षं स्वागतकक्षात फोन उचलतात. माझ्या हाताखाली एक जागा निघाली होती, पण त्यासाठी नेटवर्किंगची पहिली परीक्षा पास व्हायला हवी. "त्या तयार आहेत असं तू म्हणालास तरच जागा राखून ठेवतो, नाहीतर बाहेरचा माणूस घेतो," असं मोठे साहेब म्हणाले होते. उत्तर आजच द्यायचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी एका कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये मुद्दाम एक आकडा चुकवला आणि वहिनींना बोलावलं.

"याचं इंटरनेट बंद आहे. शोधा."

"माझ्यावर विश्वास नाही का, भावोजी?"

"विश्वास आहे हो. खात्री नाही."

त्यांनी पदर खोचला. आधी वायर हलवून पाहिली, मग दिवा, मग सेटिंग. नंतर राउटरचं पान उघडलं. चौथ्या मिनिटाला म्हणाल्या, "गेटवेचा आकडा चुकलाय. बाहेर जायचं दारच याला चुकीचं सांगितलंय."

मी मोबाइलवर लावलेलं घड्याळ थांबवलं. वहिनी मात्र उठेनात.

"आणि दुसरी चूक?"

"दुसरी कुठली? मी एकच केलीय."

"मग ही कोणाची? राउटर पन्नास ते दोनशे नंबरचे पत्ते येईल त्या मशीनला वाटतो. आणि प्रिंटरला कोणीतरी हाताने साठ नंबर दिलाय. सकाळी प्रिंटर चालू व्हायच्या आत तो साठ दुसऱ्याच एखाद्या कॉम्प्युटरला मिळतो. मग एका पत्त्यावर दोघं. तरीच रोज सकाळी रिपोर्ट छापायचे थांबतात, आणि फोनवर शिव्या खाते मी!"

ते कोणीतरी म्हणजे मी. आठ महिने मी त्या प्रिंटरच्या नावाने बोटं मोडत होतो. दोनदा मेकॅनिकही बोलावला होता. क्षणभर अस्सा राग आला! पण वहिनी शांतपणे प्रिंटरचा नंबर बदलून पन्नासच्या आतला दहा करत होत्या. ते बघून राग विरला. अशी माणसं घोकून तयार होत नाहीत.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तयार आहेत?"

"आहेत."

"कशावरून?"

"प्रिंटरची चूक माझीच होती. आठ महिने मला सापडली नाही. त्यांनी काढली."

साहेबांनी जागेच्या कागदावर 'राखून ठेवा' असं लिहिलं.

मी बाहेर आलो तेव्हा स्वागतकक्षातला फोन वाजत होता. वहिनींनी उचलला.

"हो, प्रिंटर चालू आहे. नाही नाही, भावोजींनी नाही. मी दुरुस्त केला."