कान लावून ओलांडायचा पूल

मी एक जुना रेल्वेपूल आहे, आणि मित्रांनो, पेंगणे हेच आता माझे मुख्य काम झाले आहे. नंदुरबारजवळच्या एका लहान नदीवर मी उभा आहे. पाण्यात हलणारी आपलीच सावली बघता बघता माझा डोळा लागतो.

एके काळी मला मान वर करायला फुरसत नसे. मिरचीची पोती, कापसाच्या गाठी, सारे माझ्या अंगावरून धडधडत जाई. भिला गँगमन माझे बोल्ट आवळायचा. त्याने बायकोला, सुंदरबाईला, बजावून ठेवले होते, "पहिले रुळले कान लाव, मंगच पाय ठेव." पलीकडच्या गावात तिची थोरली बहीण रुखमाबाई राहते. सुंदरबाई वाकून रुळाला कान लावायची आणि रूळ मुका असला तरच बहिणीकडे निघायची.

पुढे गाड्या नव्या पुलावरून जाऊ लागल्या. मला कुत्रेही विचारीना. भिलाही गेला. मग एक दिवस माणसे आली. त्यांनी रूळ उखडले, फळ्या ठोकल्या, लोखंडी कठडे बसवले, आणि माझ्यावरून सायकली धावू लागल्या. लोक माझे फोटो काढू लागले. मी हरखून गेलो.

पण कान लावायला रूळच उरला नाही, म्हणून सुंदरबाई मात्र टोकाशीच अडली. पलीकडे रुखमाबाई पाय मोडून घरात बसलेली, आणि ही रोज येऊन माघारी फिरायची. पूल असून मी दोघी बहिणींच्या मध्ये आलो, याचे मला फार वाईट वाटे.

"आत्याबाई, आते गाडी येत नही," सुंदरबाईच्या सुनेने, रुपाने, समजावले.

"आयकाशिवाय पाय कसा टाकू?"

सायकलवर टांग मारून रुपा पलीकडे निघून गेली. सुंदरबाई बराच वेळ बसून राहिली. शेवटी तिने चिडून कठड्यालाच कान लावला. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कुणीतरी कठड्यावर काठी आपटली. ती थरथर माझ्या अंगातून धावली आणि माझी झोपच उडाली.

"सरका रे, गाडी ई ऱ्हायनी!" सुंदरबाई ओरडली. शहरातले सायकलवाले हसत बाजूला झाले.

रुपा सायकल हळूहळू ढकलत आणत होती. मागे कॅरियरवर, काठी मांडीवर घेऊन, रुखमाबाई बसली होती.

"कितला उशीर व्हयना वं बाई!" म्हणत सुंदरबाईने तिला मिठीच मारली.

मित्रांनो, कठड्याला कान लावून कुणी उभे दिसले, तर तुमची सायकल जरा थांबवा. माझ्या फळ्या कुजू देऊ नका, माझे लोखंड गंजू देऊ नका. रुखमाबाईला अजून परत जायचे आहे.