तिसरं धुणं

प्लेट खिडकीच्या उजेडात धरून तिने चौथ्यांदा पाहिली. डावीकडे मूळ जीवाणू. अन्न बंद केल्यावर दोन दिवसांत त्यांनी एकमेकांना बिलगून खसखशीहून बारीक, पिवळट ढीग उभे केले होते. त्या ढिगांत बीजाणू होऊन ते वाईट दिवस काढतात. उजवीकडे तिने एक जनुक बंद पाडलेले त्यांचेच भाऊबंद, आणि तिथे नुसता सपाट पातळ थर. म्हणजे उपासमारीची वर्दी याच जनुकाकडे येते, आणि तेच ढीग उभारणाऱ्या बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी पहिल्यांदाच तिची पाठ थोपटली होती. आज तीन वाजता त्या या प्लेटचा फोटो पाहुण्या शास्त्रज्ञांना दाखवणार होत्या.

तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाळ सात महिन्यांचं, आणि आठवडाभर बाटली तोंडाला लावू देत नव्हतं. तिने घरी सकाळपासूनचा तिसरा फोन लावला. सासूबाईंनी आधी विचारलं, की आता त्याच्या ढेकरांचीही नोंद ठेवायची का. मग खोदून खोदून विचारल्यावर कबूल केलं.

"रडायच्या आधीच चमचा-चमचा पेज भरवते गं. लेकराला उपाशी ठेवू का?"

"अहो आई, पोटात चमचाभर असलं तरी त्याला भूक कळणार कशी? भूक कळली नाही तर तो..."

ती बोलता बोलता थांबली. दोन तास काही देऊ नका, एवढं कसंबसं सांगून तिने फोन ठेवला.

जीवाणू पौष्टिक रश्शात वाढवायचे आणि प्लेटवर सोडण्याआधी साध्या खारट द्रावणात तीनदा धुवायचे, ही इथली पद्धत. रस्सा जरासा जरी मागे राहिला, तरी भूक लागल्याचं त्यांना कळतच नाही. मग जनुक धडधाकट असलं तरी ढीग उभे राहत नाहीत. प्रत्येक धुण्यानंतर ती वहीत बरोबरची खूण करायची. तिने वही काढली. मूळ जीवाणूंपुढे तीन खुणा होत्या. दुसऱ्यांपुढे दोन.

त्या दिवशी धुणं चालू असताना मधेच घरून फोन आला होता, बाळाचं अंग गरम लागतंय म्हणून. परत आल्यावर आपण काय केलं, ते तिला काही केल्या आठवेना. खूण करायची राहिली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पुन्हा समजावलं. धुतलेलाच चंबू पुन्हा धुतला. सव्वादोन वाजले तशी ती मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आणखी एक जनुक सापडलं की काय?" मॅडम संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

"तो फोटो दाखवू नका, मॅडम. उजवीकडचे जीवाणू नीट धुतले गेले नसावेत. वहीत दोनच खुणा आहेत."

"आणि तुझ्या आठवणीत?"

तीन म्हणायला एक क्षण पुरला असता. "आठवणीत काहीच नाही," ती म्हणाली.

मॅडमनी फोटो काढून टाकला. पुन्हा कर, एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी बाळाने अर्धी बाटली संपवली. तिला मात्र जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही जीवाणू तीन-तीनदा धुतले, दर खुणेला मोठ्याने आकडा म्हणत. मग दोन दिवस ती उबवणपेटीचं दार उघडायची नि लावायची. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, तुझ्या वाऱ्यानेच गार पडतील बिचारे.

तिसऱ्या दिवशी दुपारी उजवीकडेही ढीग होते. तेवढेच, तितकेच पिवळट. तिने दोन्हीकडचे मोजले, आकडे वहीत उतरवले, ज्यासाठी पाठ थोपटली गेली होती ते जनुक ढीग उभारणाऱ्या जनुकांच्या यादीतून खोडलं आणि प्लेट घेऊन मॅडमकडे निघाली.