चुलीमागचा खोकला

झुम्राचा नवरा एशरेफ मातीत जाऊन दोन हिवाळे झाले, तरी संध्याकाळी चूल पेटली की तो खोकायचा. आधी घसा खाकरायचा, मग छातीच्या तळातून आवाज यायचा, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. चुलीमागच्या कोपऱ्यातून, जिथे तो आयुष्यभर बसला तिथूनच. तिला भीती वाटायची म्हणता? छे! हयातीत ज्या खोकल्यानं तिची झोप नासवली, त्याचीच ती आता वाट पाहायची. नवरा तो नवराच.

खाणीनं त्याची छाती खाल्ली हे सगळ्या गावाला ठाऊक. तीच खाण दर शरदात विधवेच्या वाट्याचा कोळसा अंगणात ओतून जायची, आणि तो न जाळणं म्हणजे गेलेल्याचा अपमान. झुम्रा तो जाळायचीच, वर खिडक्यांच्या फटींत फडकी कोंबायची. आमच्या बॉस्नियात बाया बंदुकीला भ्यायल्या नसतील इतक्या वाऱ्याच्या झोताला भितात.

तिची नात इल्मा यंदाच शाळेत जायला लागली होती. धुकं उतरलं, वीजकेंद्राचा धूर दरीत अडकला, आणि पोरगी खोकायला लागली ती थांबेना. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "बाहेरची हवा माझ्या हातात नाही. निदान घरातला कोळसा तरी बंद करा."

"हिला काय जातंय बोलायला!" झुम्रा घरी येऊन कडाडली. "पोरीला वारं बाधलंय. ओल्या केसांनी बाहेर कुणी सोडलं होतं?"

"झालं! तुमचा मुलगा स्लोव्हेनियात कामाला, आणि खापर माझ्या डोक्यावर," सून मिरेला म्हणाली. "आई, विजेचा हीटर घेऊया."

"अंगणात ढीग पडलाय आणि म्हणे हीटर! मोठी लागून गेलीस!"

खरं कारण तिनं ओठांवर येऊ दिलं नाही. चूल विझली तर एशरेफ यायचा कुठे?

एका संध्याकाळी इल्मा तिच्या मांडीवर होती. कोपऱ्यात घसा खाकरला. झुम्रा मनात हसली.

"आजी, आजोबांना पाणी दे ना," इल्मा म्हणाली.

झुम्राच्या अंगावर सरसरून काटा आला. "तुला ऐकू येतो तो?"

"रोज येतो. ते खोकतात, मग माझी पाळी."

आणि खरंच, पोर खाकरली, मग तळातून खोकली. अगदी त्याच्यासारखी. बरगड्या आत ओढल्या गेल्या, ओठ निळसर पडले.

"एशरेफ, सोड तिला!" झुम्रा किंचाळली. तिनं निखारे बादलीत ओढून अंगणात फेकले, खिडकीतली फडकी उपसली. "मिरेला, हिला कोट चढव. तुझ्या आईकडे जा, वर डोंगरावर. आत्ताची बस चुकवू नका."

"बाहेर वारं आहे, आई."

"लागू दे वारं!"

त्या गेल्या. घर गारठलं, आणि कोपरा मुका झाला. झुम्रा कोट घालून चुलीसमोर बसायची आणि रडायची. नवरा दुसऱ्यांदा मेला होता, आणि या खेपेला तिनंच त्याला घालवलं होतं. धुकं हटेना, दिवस सरेनात. शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली, की पोरगी तर डोंगरावर आहे, आता माझ्या चुलीनं कुणाचं काय बिघडणार? तिनं काडी ओढली. कोळसा नीट धरायच्या आतच कोपऱ्यातून खाकरणं आलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आजी, मी आता अजिबात खोकत नाही!" इल्मा ओरडत होती. "इथे ऊन आहे. आजोबा अजून खोकतात का गं?"

"नाही बाळा. गेले ते."

"मग आम्ही घरी येऊ? आई म्हणते, तू हो म्हणालीस की लगेच निघू."

मागे त्याची उबळ सुरू झाली. झुम्रानं फोन पदराआड धरावा तसा शालीत घट्ट दाबला आणि उबळ ओसरेपर्यंत ती थांबली.

"नको राणी, इतक्यात नको," ती म्हणाली. "इथली हवा फार वाईट आहे."

फोन ठेवून तिनं चुलीत आणखी कोळसा घातला.