पाकिटावरची मोतीबाई

दारव्ह्याजवळच्या तांड्यात मोतीबाईसारखी काचळी दुसऱ्या कोणाची नव्हती. हे ती स्वतः सांगायची, आणि दुसऱ्यानं तोंड उघडायच्या आत सांगायची. काचळी म्हणजे बंजारा बायकांची पाठमोकळी चोळी. मोतीबाईनं आपली काचळी लग्नाआधी भरायला घेतली होती, आणि साठी उलटली तरी तिच्यात कुठे एखादा आरसा, कुठे एखादी कवडी लावणं चालूच होतं. तांड्यातल्या सुना साड्या नेसू लागल्या, लेकी पंजाबी ड्रेस घालू लागल्या, पण मोतीबाई बाजाराला निघाली की घेरदार घागरा म्हणजे फेटिया, काचळी, डोक्यावर टुकरीची ओढणी, हातभर बलिया बांगड्या, असा सगळा थाट.

"दुरून मानसाले दिसलं पाह्यजे, का कोनीतरी येऊन राह्यलं," ती म्हणायची.

अर्थात दिसण्याची किंमतही ती मोजत आली होती. यष्टीत बायका तिच्या फेटियाला अंग लागू नये म्हणून सरकून बसायच्या. एका कंडक्टरनं तर, "ओ आजी, तंबू आवरा," असं भर गाडीत म्हटलं होतं. मोतीबाईनं तंबू आवरला नव्हता, उलट आणखी पसरून बसली होती. पण ते बोलणं कुसळासारखं आत राहून गेलं होतं.

म्हणूनच खेमसिंग जेव्हा ती गोष्ट घेऊन आला, तेव्हा तिला ती गोड लागली.

खेमसिंग तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. बोलण्यात पटाईत. कापसाची वर्षांमागून वर्षं वाईट चालली होती. शेती बाप लालसिंगवर सोडून त्यानं नागपूरच्या एका कंपनीची एजन्सी धरली. कंपनी कपडे विकायची. चांदीच्या धाग्याचे बनियन, ओढण्या, गरोदर बायकांचे एप्रन. हे घातलं की टॉवरचे किरण अंगात शिरत नाहीत, असं तिचं म्हणणं. तांड्याशेजारच्या पडीत नुकताच मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता. चिमण्या दिसेनाशा झाल्या, कोणाची म्हैस आटली, कोणाचं डोकं उठलं, सगळं टॉवरच्या नावावर जमा होत होतं. गिऱ्हाईक तयारच होतं.

"मासी," खेमसिंग खाटेवर बसत म्हणाला, "तुह्या काचळीत आरसे कायले असतात, मालूम हाय?"

"चमकाले."

"नाही. किरनं परतवाले! आपल्या जुन्या लोकायले सारं मालूम होतं. आता कंपनी तशीच काचळी काढून राह्यली, चांदीच्या धाग्याची. अन् पाकिटावर फोटो पाह्यजे खऱ्या बंजारा बाईचा."

"जुन्या लोकायच्या टायमाले टावर कुठी होते रे?"

"ऊन होतं ना!"

मोतीबाई हसली. उत्तर पुरतं पटलं नाही, पण पटावं असं तिला फार वाटलं. ज्या कपड्याला लोक तंबू म्हणाले, त्याला आता नागपूरचे लोक शास्त्र म्हणत होते. तिनं आणखी काही विचारलं नाही.

दारव्ह्यात शकीलभाईच्या स्टुडिओत फोटो निघाला. कंपनीची नवी काचळी अंगात, हनुवटी वर, नजर थेट. शकीलभाई म्हणाला, "चाची, आप तो रानी लगती हैं." त्याच काचळीत ती परतीच्या यष्टीत बसली. मोबाइल तिनं नेहमीच्या जागी, काचळीच्या आत खोचून ठेवला होता. आणि गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच तो छातीशी खणखणून वाजला.

पुसदहून लेक जमनाचा फोन होता. आवाज असा स्वच्छ, जसं काही ती शेजारच्या सीटवर बसली आहे. मोतीबाईनं फोटोची हकीकत हसत हसत सांगितली, फोन ठेवला, आणि मग तिचं हसू हळूहळू मावळलं. तिनं काचळीचा काठ बोटांत धरला. चांदीचा धागा अगदी मोबाइलवरून गेला होता.

घरी येऊन तिनं जमनाला पुन्हा फोन लावायला सांगितला. आधी जुन्या काचळीत मोबाइल ठेवून, मग नव्या काचळीत. दोन्हीत सारखाच वाजला.

खेमसिंगजवळ मात्र उत्तर तयार होतं. "मासी, हे चाळनीसारखं असते. चांगले किरन आत येतात, वाईट अडतात. फोन चांगल्यावर चालते."

"कपड्याले कसं समजते, कोनता चांगला?"

"ते मशीनवर तपासलेलं हाय. तू कायले डोकं शिनवतं?"

मग पाकिटं आली. चकचकीत, आणि प्रत्येकावर मोतीबाई. तांडा गोळा झाला. तिची जुनी प्रतिस्पर्धी हंसाबाई, जिची काचळी तांड्यात दोन नंबरची, ती पाकीट उलटसुलट करून म्हणाली, "नाक जरा मोठं आलं." मोतीबाईला त्यातही आनंद झाला. नाक मोठं तर मोठं, पाकिटावर आलं ना!

एक पाकीट घेऊन ती बहिणीकडे गेली. बहीण गोठ्यात होती. भिंतीच्या भोकात वारा अडवायला जुनी बियाण्याची पिशवी कोंबलेली होती. पिशवीवर फेटेवाला शेतकरी, त्याच्या ओंजळीत ही एवढाली बोंडं, आणि तो हसतोय. दोन्ही बहिणी त्याला चांगलं ओळखायच्या. लालसिंगनं ते बियाणं लावलं होतं, आणि झाडं छातीएवढी होऊन बोंडं आतून सडली होती. बियाणं विकणारा कोण, बनवणारा कोण, ते कोणाला दिसलं नाही. दिसत होता तो हा हसणारा. म्हणून शिव्या खाल्ल्या त्यानं. मोतीबाईनं स्वतः त्याच्या नावानं बोटं मोडली होती.

बहिणीनं नवं पाकीट पाहिलं, कौतुकानं पदरानं पुसलं. मग तिची नजर भिंतीकडे गेली आणि ती सहज म्हणाली, "ह्या बिचाऱ्यालेही कोनीतरी फोटो काढाले बोलावलं असन. त्याले काय मालूम, आत कायचं बी भरलं."

 मोतीबाईनं दिलेलं पाकीट परत मागून घेतलं. बहीण पाहतच राहिली.

आठवड्यानं तांड्यात सभा झाली. नागपूरहून कंपनीचे साहेब आले, मंदिराच्या ओट्यावर कपडे मांडले गेले, भोंगा लागला. साहेबांनी टॉवरच्या किरणांनी काय काय होतं ते असं सांगितलं, की दोन पोटुशा बायका रडकुंडीला आल्या. मग ते म्हणाले, "आता आपल्याच मोतीबाई आपला अनुभव सांगतील."

खेमसिंगनं माइक तिच्या हातात दिला. ती आपली जुनी काचळी घालून आली होती. उन्हानं आरसे असे पेटले होते, की पुढच्या रांगेनं डोळे बारीक केले.

"मले टावरचं काई समजत नाही," मोतीबाई म्हणाली. "त्याचं भेव खरं का खोटं, तेही मालूम नाही. तपासनाऱ्याले इचारा. मले एवढंच मालूम, का हे कंपनीची काचळी मी घातली अन् आत मोबाइल वाजला. जुनीत वाजते, तसाच. अडलं काई नाही."

ओट्यावर गडबड उडाली. साहेब घाईनं पुढे झाले, "आजी, सांगितलं ना, हे चाळणीसारखं काम करतं—"

"चाळनीत गोटे वर राह्यतात ना, सायेब?" मागून आवाज आला. हंसाबाई उभी राहिली होती. "मंग दाखवा गोटे! काय अडलं ते पाहू द्या!"

सगळा तांडा हसला. रडवेल्या झालेल्या त्या दोघीही हसल्या.

मोतीबाई हसली नाही. तिला खेमसिंगचा पडलेला चेहरा दिसत होता. तिनं माइक खाली केला आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "खेम्या, उद्या कोन्या बाईनं मले शिव्या दिल्या, तं ते मले सोसन नाही. तुह्यासाठी पन नाही." मग माइक पुन्हा वर घेतला. "माहा फोटो काढून टाका. आन् माही काचळी किरनं अडवाले नाही. ते माह्या याडीनं, माह्या मायनं शिकवली म्हनून हाय. सुंदर हाय म्हनून हाय. तिले दुसरं काम लावू नका."

कंपनीनं त्या दिवशी तांड्यात फारसं काही विकलं नाही. तरी दोघीतिघींनी एप्रन घेतलेच. भीती एका सभेनं जात नाही. पाकिटावरचा फोटो बदलला. पुढे झरी जामणीकडे तेच कपडे दुसऱ्याच बाईचा चेहरा लावून विकले गेल्याचं कानावर आलं. मोतीबाईला त्याचं वाईट वाटलं, पण तिच्या हाती जेवढं होतं तेवढं तिनं केलं होतं.

खेमसिंग बोलेनासा झाला. दिवाळीला आला नाही, होळीच्या लेंगी गाण्यांवर तिच्या दारासमोरून नाचत गेला, पण मान वर केली नाही. बहीणही कानकोंडी झाली. मोतीबाईनं दोघांनाही समजावायचा प्रयत्न केला नाही. आपण चुकलो नाही, एवढं तिला पक्कं होतं, आणि ज्याचं पक्कं असतं त्याला थांबता येतं.

पुढच्या उन्हाळ्यात जमनाच्या घरी लग्न निघालं. मोतीबाई थाटात फाट्यावर येऊन उभी राहिली. पुसदची काळीपिवळी जीप आली ती गच्च भरलेली, आणि स्टेअरिंगवर खेमसिंग. एजन्सी त्यानं केव्हाच सोडली होती, हे तिला तेव्हा कळलं.

 तिला पाहून तो खाली उतरला, पुढच्या सीटवरच्या दोन माणसांना मागं जायला सांगितलं.

"काहून?" त्यातला एक कुरकुरला. "आमी पह्यले बसलो ना."

"ते माही मासी हाय," खेमसिंग म्हणाला. "तिच्या फेटियाले जागा लागते."

आणि त्यानं तो घेर दोन्ही हातांनी सावरून आत घेतला, दार लावलं, आणि गाडी सुरू केली.