ओठ न मिटणारी भाषा

फकिरा शिळेवर ताक चोळत होता. ताकाने दगडावर शेवाळ लवकर धरतं, असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. आज जुन्या दगडांच्या पाहणीच्या मॅडम येणार, म्हणून हात थांबत नव्हता.

वणीकडची कोळशाची खाण तांड्याच्या वावरापर्यंत येऊन ठेपली होती. या शिळेखाली त्याची आणि त्याच्या बायकोची, नंदाबाईची, मुलगी दिपाली पुरलेली. तेवढा कोपरा सोडा, म्हणून फकिराने किती जणांचे पाय धरले, पण कोणी ऐकून घेईना. पोर यंत्राच्या दातात जाणार, या विचाराने नंदाबाई रोज रात्री त्या कोपऱ्यात जाऊन बसायची. जुनी लिपी निघाली तर सरकार जागा राखतं, हे ऐकलं आणि दोघं हट्टाला पेटली. नंदाबाईने आपल्या कांचळीवरच्या, म्हणजे भरतकामाच्या चोळीवरच्या, टाक्यांसारखी अक्षरं काढून दिली, फकिराने ती छिन्नीने कोरली.

"अन् वाचून दाखवा म्हटलं त?" त्याने तेव्हा विचारलं होतं.

"मी वाचीन. तुम्ही नका इचारू."

उर्वशी मॅडम आल्या, गुडघ्यावर बसल्या, बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

"कोणाला वाचता येतं हे?"

नंदाबाई पुढे झाली. पहिल्या ओळीवर हात ठेवून तिने वाचलं.

"हांई... खोओ... हांई..."

मॅडमनी मान वर केली. "प नाही, ब नाही, म नाही. ओठ मिटतच नाहीत. कोण बोलायचं ही भाषा?"

उत्तर घोटून पाठ केलेलं होतं. आमच्या आज्याचा पणजा, एवढंच म्हणायचं होतं. नंदाबाईने तोंड उघडलं.

"माही दिपाली," ती म्हणाली. "तिचे ओठ मिटत नव्हते."

फकिरा खाली बसला. सगळं हातचं गेलं होतं.

"दगडाला ताकाचा वास येतोय, दादा," मॅडम हळूच म्हणाल्या. "मला खरं तेच लिहावं लागेल."

"लिहा."

पोर होती तोवर फकिरा तिच्या बोलण्याकडे ढुंकून पाहायचा नाही. नुसतं हें हें करते, म्हणायचा आणि वावराची वाट धरायचा. त्याला त्यातलं काही कळत असेल, असं नंदाबाईला कधी वाटलं नव्हतं.

आता तो सरकत शिळेपाशी गेला. दुसऱ्या ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"ङाआ," त्याने वाचलं. मग पुन्हा, जरा लांबवून, "ङाआ."

"म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"मले उचल," फकिरा म्हणाला. "दोनी हात वर करून म्हणे."

नंदाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली.

फकिराने धोतराला हात पुसले आणि शिळेला खांदा लावला. "घरून फावडं आन," तो तिला म्हणाला, "अन् तुही ते कांचळी आन. त्यात उचलून नेऊ तिले."