कारागिराचा हात

“लागलं का हो?” असं कारागिराने विचारलं खरं, पण उत्तर आरशातच दिसत होतं. गिऱ्हाइकाच्या कानाखाली, पांढऱ्या फेसात एक लाल ठिपका हळूहळू पसरत चालला होता. त्याने घाईघाईने तुरटी फिरवली. गिऱ्हाइकाने ओठ आवळले. जाताना मात्र शेजारच्या खुर्चीपाशी उभ्या असलेल्या धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणालं, “पुढच्या वेळी तू कर रे बाबा.”

दोन खुर्च्यांचं ते दुकान. एक थोरल्याची, एक धाकट्या भावाची. थोरल्याला सगळे कारागीर म्हणत, आणि ते नाव त्याच्या हातानेच मिळवलेलं होतं. झोपलेल्या पोराचे केस कापावेत तर याने, फोडांनी भरलेल्या गालांची दाढी करावी तर याने. तोच हात आता पिंपळपानासारखा थरथरत होता.

कारण एकच. सिगारेट सुटली होती. सुटली कसली, सोडावी लागली होती. चालताना पोटरीत गोळे येतात म्हणून तो दवाखान्यात गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला, दुसरा पाहिला, आणि म्हणाल्या, “रक्त खाली उतरतच नाहीये. दोन्हींतलं एक काय ते ठेवा. सिगारेट, नाहीतर पाय.” ज्याचं पोट उभं राहण्यावर चालतं, त्याने पाय ठेवला.

पण तलफ काही डॉक्टरांना विचारून येत नाही. एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसेपर्यंतच्या फटीत ती हटकून यायची. इतकी वर्षं त्या फटीत तो फुटपाथवर जाऊन धूर काढत आला होता. आता काय करायचं? पाणी पिऊन पिऊन पोट डबडबलं, लवंगा चघळून जीभ बधिर झाली. शेवटी त्याने फणीच दातात धरायला सुरुवात केली. घरी जाऊनही ती तोंडातून निघेना, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, लगाम घातलेल्या घोड्यासारखे दिसताय. जेवताना तरी काढा.” तो हसला. हसता हसता फणी पडली आणि लगेच त्याने ती उचलली.

त्या दिवशी कानाखालचं रक्त पुसून झाल्यावर धाकटा जवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, “दादा, राग मानू नकोस. थोडे दिवस तू नुसती कात्री धर. दाढ्या मी बघतो.”

धाकटा मनाने वाईट नव्हता. म्हणूनच ते जास्त झोंबलं. कारागिराने वस्तरा मिटून ठेवला, अॅप्रन काढून खुंटीला टांगला. रस्त्यापलीकडे सिगारेटची टपरी होती. एकच ओढू, हात तरी ठरेल, असं म्हणत तो दारापर्यंत गेला, आणि समोरून साहेब आले.

साहेब वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेल्यामुळे की काय, त्यांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसे. पाणी गार आहे, टॉवेल ओला आहे, ब्रश टोचतोय. दाढी होईपर्यंत त्यांचं तोंड बंद म्हणून नसे. धाकट्याने त्यांचं नाव कटकटेसाहेब ठेवलं होतं.

“या साहेब, इकडे बसा,” धाकट्याने आपली खुर्ची झटकली.

साहेबांनी तिकडे पाहिलंही नाही. ते कारागिराच्या खुर्चीत बसले आणि हनुवटी वर केली.

“साहेब, आज त्याच्याकडे बसा. माझा हात जरा...”

“दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे.”

“कापेल.”

“कापलं तर रक्त येईल. रक्त आलं तर तुरटी लाव. का तुरटीही सोडलीस?”

“नाही.”

“मग उभा काय राहतोस? कर सुरू. आणि टॉवेल बदल, ओला आहे.”

कारागिराने अॅप्रन पुन्हा चढवला. फेस केला. दोन्ही गाल कसेबसे निभावले. गळ्यापाशी आला, वस्तरा टेकवणार, तेवढ्यात तलफ उसळली. कानशिलं ठणकू लागली, तोंड कोरडं पडलं, बोटं आपली राहिली नाहीत. त्याने वस्तरा झटकन बाजूला घेतला.

“साहेब, जरा थांबतो.”

उत्तर नाही. त्याने वाकून पाहिलं. साहेब झोपले होते. गळा उघडा टाकून, तोंडावर अर्धा फेस घेऊन, चक्क घोरत होते. डोक्याचा सगळा भार कारागिराच्या डाव्या तळहातावर आला होता. हात काढला असता तर मान लटकली असती. म्हणजे आता टपरीवर जाणं नाही, पाणी नाही, फणी नाही. नुसतं उभं राहायचं.

तो उभा राहिला. म्हाताऱ्या गळ्यातली शीर उडताना दिसत होती. हा माणूस ताजी भाजी घेतानाही दहादा उलटीपालटी करून बघतो, आणि माझ्या हातात डोकं देऊन झोपतो! धाकटाही कात्री थांबवून बघत राहिला. तलफ चढत गेली, चढत गेली, आता काही खरं नाही असं वाटलं, आणि मग गॅस बारीक केल्यावर दूध खाली बसावं तशी आपोआप बसली. कारागीर चकित झाला. तिचं तोंड भरल्याशिवाय ती जातच नाही, असं तो आजवर धरून चालला होता.

त्याने सावकाश वस्तरा टेकवला. गळा स्वच्छ उतरला. कुठे ओरखडासुद्धा नाही.

साहेब जागे होऊन गुरगुरले, “किती वेळ लावलास! मान अवघडली माझी.” धाकट्याने टॉवेलात तोंड लपवलं.

ज्याला जगात काहीच पसंत पडत नाही तो गृहस्थ त्याच खुर्चीत बसतो म्हटल्यावर बाकीची गिऱ्हाइकंही हळूहळू परतली. तलफ येत राहिली, पण कारागिराला आता तिची चाल कळली होती. ती आली की तो हात थांबवी आणि तिला जाऊ देई.

मग साहेब न्हाणीघरात पाय घसरून पडले, पायाचं हाड मोडलं. कारागीर पेटी घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागला. खिडकीशी खुर्ची ओढायची, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळायचा, कामाला लागायचं. एक दिवस त्याला राहवलं नाही.

“साहेब, एक विचारू? हल्ली तुम्ही बोलत नाही. पाणी गार म्हणत नाही, ब्रश टोचतोय म्हणत नाही. माझं काही चुकतंय का?”

साहेब हसले. फेस ओठात गेला, तो त्यांनी फूफू करून उडवला.

“अरे, पाणी कधीच गार नव्हतं.”

“मग?”

“तुझी बोटं. नाकाखाली आली की त्या सिगारेटच्या वासाने जीव गुदमरायचा. पाणी गार म्हटलं की तू हात काढून तिकडे जायचास. तेवढ्यात मी श्वास घ्यायचो.”

कारागिराला कानकोंडं झालं. “इतकी वर्षं? सांगायचं तरी.”

“काय सांगायचं? ज्या हातावर माणूस पोट भरतो, त्या हाताला नाव ठेवायचं?”

“मग धाकट्याकडे बसायचं.”

“तो फार बोलतो.”

कारागिराला खूप काही म्हणायचं होतं. “साहेब, त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“हनुवटीखाली राहिलंय बघ,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी मान वर केली.

दाढी झाली तेव्हा साहेबांची बायको चहा घेऊन आली. ट्रे खाली ठेवून तिने आधी नवऱ्याच्या गालावरून बोटांची मागची बाजू फिरवली. एक गाल, मग दुसरा, मग हनुवटीखाली. साहेब डोळे मिटून निमूट बसून होते. “छान झाली,” ती कारागिराला म्हणाली. आयुष्यभर त्याने तोंडं साफ करून दुकानाबाहेर पाठवली होती. पुढे त्यांच्यावरून कुणाचा हात फिरतो, हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

सवयीने त्याने आपला कप उचलला आणि दाराकडे वळला. चहा म्हणजे बाहेर उभ्याने, सिगारेटबरोबर, हेच अंगवळणी पडलेलं.

“अहो, निघालात कुठे? बसा की इथे,” तिने स्टुलावरचं वर्तमानपत्र उचलून जागा केली.

तो बसला. खिडकीतून ऊन साहेबांच्या प्लास्टरवर येऊन पडलं होतं. तिघांनी सावकाश चहा घेतला, आणि कप रिकामा झाल्यावरही कारागीर थोडा वेळ तिथेच बसून राहिला.