गंगूच्या नावावर

पौर्णिमाने संगणकावर फोल्डरच्या नियमांत ‘फक्त वाचा’ अशी परवानगी टाकून ओळ पुरी केली आणि ती फाईल जतन करणार, तेवढ्यात मागून काठी टेकत आलेले जानराव तिच्या खुर्चीशी थबकले.

“काय लिवून राह्यली वं?”

“जय भीम, आबा. गाण्यांच्या फोल्डरचा बंदोबस्त करून राह्यली. आता समद्याइले ऐकता येईन, पन कोनाले हात लावता येनार नाही.”

बंदोबस्त करावाच लागणार होता. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या विहाराला लागून असलेल्या या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी बसत. त्यांचे सगळे संगणक कपाटावरच्या एका सर्व्हरला जोडलेले होते. लिनक्सवर चालणारं ते जुनं धूड पौर्णिमानेच उभं केलं होतं. आठवडाभर वाशिम रोडवरच्या क्लासमध्ये संगणक शिकवायचा आणि रविवारी इथे येऊन फुकट डोकेफोड करायची, असा तिचा खाक्या. त्या सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये गंगूआजीची गाणी होती. जात्यावरची, बाबासाहेबांची, लेकीसुनांची. पौर्णिमाने मोबाइल समोर धरून ती हौसेने टिपली होती.

पुढे गंगूआजीला लकवा झाला. उजवं अंग गेलं, आणि अख्ख्या वस्तीला पुरून उरणारी ती बोलकी बाई एकाएकी मुकी झाली. तेव्हापासून जानराव, म्हणजे तिचे यजमान आणि विहार समितीचे अध्यक्ष, रोज दुपारी जेवण आटोपून इथे येत. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून कानाला हेडफोन लावत आणि डोळे मिटून बायकोचा आवाज ऐकत. पोरं ती खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवत. कुणी चेष्टा करत नसे.

आणि मागच्या आठवड्यात कुणा पठ्ठ्याने रिंगटोनसाठी एका गाण्याचा तुकडा कापला आणि त्याच नावाने जतन केला. तुकडा राहिला, गाणं गेलं. जानराव त्या दिवशी कितीतरी वेळ हेडफोन हातात धरून नुसते बसून होते.  फोल्डर सगळ्यांना सताड उघडं ठेवलं होतं पौर्णिमानेच.

“हात लावता येनार नाही म्हंजे?” जानरावांनी स्टूल ओढलं. “पाहा, पन शिवू नका?”

“तसं नाही, आबा…”

“तसंच हाये. आमी लहान होतो तवा हिरीवर असंच होतं. पानी भेटे, पन वरून ओतून. दोराले हात लावला का बोंब. आता आपल्याच विहारात आपलीच पोरं, आन् त्याइले म्हनाचं का वरून ओतीन तेवढंच प्या?”

“आबा, उद्या कोनी दुसरं गानं कापलं तर तुमालेच रडू येईन.”

“येईन तं येईन.” म्हातारा ऐकायला तयार नव्हता. “पोराइले आपल्या घरच्या म्हताऱ्याइची गानी यात ठेवता आली पायजे. हे वाढलं पायजे. कुलूप लावशीन तं मी समितीत इषय काढीन, सांगून ठेवतो.”

घ्या! ज्याच्यासाठी चोरी करावी, तोच म्हणतो चोर. पौर्णिमाला रागही आला आणि हसूही. पण विहिरीची गोष्ट खरी होती. तिने ती ओळ खोडली.

थोडा विचार करून ती म्हणाली, “एक रस्ता हाये. फोल्डरवर एक निशानी लावता येते. मंग कोनीबी त्यात आपलं ठेवावं. पन दुसऱ्याचं ठेवलेलं काढता येत नाही, बदलता येत नाही. ज्याचं त्यानंच काढावं.”

जानरावांचा चेहरा उजळला. “हे बराबर हाये. ह्याले म्हन्ते कायदा.” मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पन गंगूची गानी कोनाच्या नावावर हायेत?”

“माह्या. मी ठेवली ना.”

“आवाज तिचा आन् नाव तुहं? कायले? तिच्या नावावर कर.”

“आजी कवा संगनकावर बसनार, आबा?”

“नाही बसन. पन नाव तिचं पायजे.”

त्यांनी तिथूनच घरी फोन लावून गंगूआजीला आणायला सांगितलं. घर दोन गल्ल्या पलीकडे. पौर्णिमाने गंगूआजीच्या नावाचं खातं उघडलं, गाण्यांची मालकी तिच्याकडे वळवली, फोल्डरवर ती निशाणी लावली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. तेवढ्यात सून साक्षी चाकांची खुर्ची ढकलत दारात आली. खुर्चीत गंगूआजी. डोईवरचा पदर नीट केलेला, केस चोपून बसवलेले. सासूला तयार करून आणलं होतं पोरीने.

“आजी, ही तुमची जागा,” पौर्णिमाने कोपऱ्यातला संगणक तिच्या खात्याने उघडून खुर्ची त्याच्यापुढे लावली. “ही समदी गानी आता तुमच्या नावावर हायेत.”

गंगूआजीने डावा हात उचलून माऊसवर ठेवला. साक्षीचा मोबाइल हाताळून तिला उघडायची-पुसायची उमज होती, आणि अक्षरं तर ती प्रौढांच्या वर्गात रॉकेलच्या दिव्यापुढे बसून शिकली होती. ओठ हलवत, एकेक नाव सोडवत ती यादी वाचू लागली.

“ते, ते पाय,” जानराव लहान पोरासारखे वाकून दाखवू लागले. “‘माह्या भीमाची सावली’. तेच मी रोज ऐकतो. त्याच्यात मधात तू हासली हायेस.”

गंगूआजीने नवऱ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग त्या गाण्यावर बाण नेला आणि पुसायची कळ दाबली. पडद्यावर चौकट उमटली, कायमचं पुसायचं का? पौर्णिमाला वाटलं, आजीचा हात चुकला. ती पुढे झेपावली, पण आजीने मान हलवून तिला थांबवलं आणि ‘हो’वर दाबलं.

गाणं गेलं. नेटवर्कवरच्या त्या फोल्डरला पुसलेलं परत काढायची कचऱ्याची टोपली नव्हती.

“अवं!” जानराव ओरडले. सगळी पोरं वळून बघू लागली. “हे काय केलं तू? काहून पुसलं वं? माह्याजवळ तेवढंच तं राह्यलं होतं!”

गंगूआजीने तोंड उघडलं. आधी नुसता घोगरा श्वास आला. मग वाकड्या ओठातून एक सूर निघाला, मोडका, मध्येच तुटणारा. “मा… ह्या… भी… माची…”

बोलता न येणारी बाई गात होती.

साक्षीने पदर डोळ्यांना लावला, सासूच्या खांद्यावर हात ठेवला. “मामाजी, आत्याबाई रोज दुपारी म्हनतात. डॉक्टरीनबाई म्हने, बोलता नाही आलं तरी गाता येईन, रोज म्हनत जा. तुमी जेवून इकडं आले का त्या सुरू करतात. दाराकडं पाह्यत.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“त्याच नाही म्हनल्या, हातानं. आपसुक ऐकतीन, असं वाटत आसन त्याइले.”

जानराव स्टूल चाकांच्या खुर्चीशी ओढून बसले. गंगूआजी तिसऱ्या शब्दापाशी अडली होती. पुन्हा पुन्हा तिथेच ठेचकाळत होती, घामाघूम होत होती, पण थांबत नव्हती. जानरावांनी तिचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तोंड खाली घातलं. त्यांचे खांदे हलत होते.

मग त्यांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं आणि पौर्णिमाकडे वळून हळू आवाजात विचारलं, “ते पुसलेलं… वापस आनता येते का?”

रिंगटोनच्या त्या भानगडीनंतर पौर्णिमाने साऱ्या गाण्यांची एक प्रत आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. ती आत्ताही तिच्या पर्समध्ये होती. तिने गंगूआजीकडे पाहिलं. आजीही तिच्याकडेच पाहत होती.

“नाही आनता येत, आबा.”

जानरावांनी मान डोलावली. उठून सुनेच्या हातातून खुर्ची स्वतःकडे घेतली.

“चाल, गंगू,” ते म्हणाले. “घरी चाल. तिथं म्हन.”